हँडल उंच करायचं की गाडीच बदलायची?

प्रश्न: माझं वय 58, दोन वर्षांनी निवृत्त होईन. माझ्याकडे आठ वर्षं जुनी, पुढे झुकून चालवायची स्पोर्ट्स बाइक आहे. कर्ज कधीच फिटलंय, इंजिन ठणठणीत आहे. पण हल्ली तासाभरात बोटं बधिर होतात, गुडघे आखडतात, मान धरते. गॅरेजवाला म्हणतो, हँडल, फूटरेस्ट आणि सीट तिन्ही एकदम बदला, 15 टक्के सवलत देतो. शोरूमवाला म्हणतो, जुन्या गाडीवर पैसे घालू नका, ती एक्स्चेंजमध्ये द्या आणि ताठ बसून चालवायची टूरिंग बाइक घ्या. त्यासाठी राखीव निधीतून काही रक्कम काढावी लागेल आणि बाकीचं चार वर्षांचं कर्ज घ्यावं लागेल. काय करू?

उत्तर: कर्ज काढून नवी गाडी घेऊ नका. आणि तिन्ही बदलही एकदम करून घेऊ नका. सीटपासून सुरुवात करा, एकेक बदल करत पुढे जा, आणि प्रत्येक बदलानंतर महिनाभर गाडी चालवून पाहा.

तुम्ही पाठवलेले आकडे मी एका मापावर आणले. शोरूम तुमच्या गाडीला जो भाव देतंय तो 100 धरू. त्या मापाने नवी गाडी 280 ची आहे, म्हणजे वर 180 घालायचे. त्यातले 80 राखीव निधीतून आणि 100 कर्जातून. साडेदहा टक्के दराने चार वर्षांत या 100 चे जवळपास 123 फेडावे लागतील. म्हणजे निव्वळ व्याज 23. गॅरेजवाल्याचे तिन्ही बदल सवलतीसह 25 मध्ये होतात. जे व्याज तुम्ही बँकेला देणार, तेवढ्यात तुमची आत्ताची गाडी जवळजवळ पूर्ण अंगासरशी करून मिळते.

आता सहा वर्षांचा हिशोब पाहू. नवी गाडी सहा वर्षांनी किमतीच्या 40 टक्क्यांना विकली जाईल असं धरलं, तर जुनी गाडी, वरची रक्कम आणि व्याज मिळून 303 घातले आणि 112 परत आले. वर्षाला 32 च्या आसपास पडले. जुनीच ठेवली, बदल सुटे सुटे म्हणजे बिनसवलतीचे 29 मध्ये करून घेतले, जुनी म्हणून दुरुस्तीला दरवर्षी 4 जास्त धरले आणि शेवटी ती निम्म्या भावात गेली, तरी वर्षाला 17 पडतात. हे अंदाज तुम्ही थोडे इकडेतिकडे केलेत तरी फरक दुपटीच्या जवळच राहील.

मला जास्त काळजी वाटते ती हप्त्याची. कर्ज चार वर्षांचं आणि पगार दोन वर्षांचा. शेवटची दोन वर्षं हप्ता निवृत्तीच्या पैशातून जाईल, आणि नेमक्या त्याच काळात राखीव निधी निम्म्याहून खाली आलेला असेल. पगार थांबल्यावर तो निधी पुन्हा भरून काढणं फार अवघड जातं. गाडी कितीही आवडती असली तरी त्या निधीला हात लावू नका, हे मी आग्रहाने सांगते.

आता बदलांच्या क्रमाकडे वळू, कारण पैसे वाचतात किंवा वाया जातात ते इथेच. हँडल, सीट आणि फूटरेस्ट या तीन जागा मिळून तुमची बसण्याची ठेवण ठरवतात. त्यातली एक हलवली की बाकीच्या दोन ठिकाणचा भार बदलतो. गुडघ्यांना जागा मिळावी म्हणून सीटचा फोम वाढवला, तर गुडघे मोकळे होतात. पण हँडल आहे तिथेच राहिल्यामुळे तुम्ही आणखी पुढे झुकता आणि मनगटांवर जास्त वजन येतं. शिवाय पाय जमिनीला कमी टेकतात. फूटरेस्ट खाली घेतले तर गुडघे सुटतात, पण वळणावर गाडी कलली की ते लवकर रस्त्याला घासतात. तिन्ही एकदम बदलले तर कशामुळे काय झालं हे कळायला मार्गच उरत नाही.

सीट आधी म्हणण्याचं कारण असं. स्पोर्ट्स बाइकची सीट बहुधा पुढे उतरती असते. चालवणारा नकळत टाकीकडे सरकत राहतो आणि स्वतःला हातांनी मागे रेटत बसतो. बऱ्याचदा मनगटाचं दुखणं तिथूनच सुरू होतं. चांगल्या कारागिराने फोम कापून सीट सपाट केली, बसायच्या हाडांखाली आधार दिला, तर हातावरचा भार हँडलला हात न लावताही हलका होऊ शकतो. तिन्हींत हे काम सहसा स्वस्तातलंही असतं. तुमच्या कोटेशनमध्येही ते सगळ्यात कमी आहे.

त्याआधी बिनपैशाची कामं उरका. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ रेषेत राहील असे फिरवून घ्या. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे त्याच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, तुमच्या आजच्या वजनाला जुळवून घ्या, आठ वर्षांत वजन तेवढंच राहिलेलं नसतं. टायरमधली हवा तपासा. आणि कुठली बोटं बधिर होतात ते नीट पाहून लिहून ठेवा. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं असतील तर एका नसेवर दाब येतोय, करंगळी आणि अनामिका असतील तर दुसऱ्या. गाडीवरून उतरल्यावरही किंवा रात्री झोपेत मुंग्या येत असतील, तर गॅरेजच्या आधी डॉक्टरकडे जा. तो खर्च या सगळ्यात पहिला, कारण दुखणं गाडीमुळे नसेल तर बाकीचे खर्च करून उपयोग नाही.

हँडल सगळ्यात शेवटी. तुमच्या गाडीला क्लिप-ऑन आहेत, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या दोन नळ्यांना सुटे सुटे जोडलेले हँडल. त्यामुळे साध्या हँडलखाली रायझर, म्हणजे उंची वाढवणारा ठोकळा, बसवण्याइतकं हे काम सोपं नाही. उंच क्लिप-ऑन घ्यावे लागतील, आणि केबल व ब्रेकचा पाइप तेवढा लांब आहे का हे आधी पाहावं लागेल. दोन-तीन सेंटीमीटर बहुतेक वेळा मूळ केबलवर निभावतं, पण प्रत्येक गाडीचं वेगळं. काम झाल्यावर गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. केबल ताणली जाता कामा नये, आवाज वाढता कामा नये, हात टाकीवर चेपता कामा नये. ब्रेकचा पाइप बदलावा लागला तर खर्च बराच वाढतो, म्हणून त्याचं कोटेशन वेगळं मागा.

सवलत सोडल्यामुळे तुमचे 4 जास्त जातील, हे खरं. पण त्या 4 मध्ये तुम्हाला मधेच थांबण्याची मुभा मिळते. सीटनेच काम झालं तर बाकीचे पैसे खिशातच राहतील. माझ्या मते हा सौदा चांगला आहे.

बदलांवर घातलेला पैसा गाडी विकताना परत मिळेल असं मात्र धरू नका. घेणाऱ्याला तुमच्या मापाची सीट नको असते. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा. सीट कापायची असेल तर शक्य झाल्यास दुसरी जुनी सीट मिळवून ती कापा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि त्यांचं उत्तरही लेखीच घ्या. नाहीतर पुढे दावा करताना त्यावरून वाद होऊ शकतो.

एका परिस्थितीत मात्र माझं उत्तर उलटं असेल. गाडी मागे ढकलताना, सिग्नलला तोलून धरताना किंवा पाय टाकून बसताना त्रास होत असेल, तर यातला कुठलाच बदल कामाचा नाही. हँडल उंच केल्याने वजन घटत नाही. सस्पेन्शन खाली उतरवून उंची कमी करता येते, पण त्याने वळण्याची चाल बदलते आणि साइड स्टँड लांब पडून गाडी उभीच्या उभी राहते, जराशा धक्क्याने आडवी होते. असा त्रास असेल तर बदलांवर काहीही घालू नका, गाडी विका. पण त्याऐवजी शोरूमवाला दाखवतोय ती घेऊ नका. तुम्ही दिलेल्या माहितीप्रमाणे ती 228 किलोची आहे, तुमची 195 ची. साठी ओलांडल्यावर ते 33 किलो रोज पार्किंगमध्ये जाणवतील, आणि सहा वर्षांसाठी घेतलेली गाडी तीन वर्षांतच विकावी लागेल. दोन-तीन वर्षं वापरलेली, हलकी, कमी उंचीची गाडी बघा. पहिल्या मालकाने तिच्या किमतीतली मोठी घसरण सोसलेली असते. एक्स्चेंजपेक्षा तुमची गाडी स्वतः विकलीत तर बहुधा जास्त मिळतील आणि कर्ज लागणारच नाही.

गाडी कुठलीही घ्यायची झाली तरी शोरूमच्या दहा मिनिटांच्या फेरीवर ठरवू नका. तुमचं दुखणं तासाने सुरू होतं, दहा मिनिटांत ते कळणारच नाही. तशीच गाडी एक पूर्ण दिवस भाड्याने घ्या. ताठ बसलं की सगळं सुखाचं असंही नाही, कारण रस्त्याचे धक्के सरळ मणक्यात जातात आणि वाऱ्याचा दाब छातीवर येतो. काहींची मनगटं सुटतात आणि कंबर धरते. एका दिवसाचं भाडं तुम्हाला हे आधीच सांगेल.

पुढच्या महिन्यात सीट झाली की दोन गोष्टी कळवा: बधिरपणा किती वेळाने सुरू होतो, आणि गाडी ढकलताना कसं वाटतं. फूटरेस्टचा खर्च करायचा की नाही, ते त्यावरून ठरवू.