शाळेच्या वाफ्यातली मेथी

प्रश्न : आमची मराठी शाळा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आहे. मुलांनी जुलैत पेरलेली मेथी दोन वर्षं कुजली. काय चुकलं?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, महिना चुकला. तुमच्याकडचा पाऊस घाटाचा. वाफ्यात पाणी तुंबलं की कोवळी मुळं गुदमरतात. पावसाळ्यात कुंपणावर दोडका चढवा. मेथी दसऱ्याची सुट्टी संपल्यावर, वीतभर उंच वाफ्यावर. 25-30 दिवसांत जुडी हातात. सुट्टीआधी पेरायची घाई नको. बेळगावात एका शाळेत मी ती केली. वाफा वाळला, नि फाटकाची किल्ली शिपायाबरोबर गावाला!

सोबत कोथिंबीरही लावा. धने मात्र चपलेखाली हलके रगडून, दोन फाकी करून पेरा. आमची आई तसंच करायची. अख्खे धने उगवायला रुसतात.