पेठेच्या संघटनेने सुरुवात कुठून करावी?

ताई, तुम्ही लिहिले आहे की तुमच्या तालुक्याच्या गावात व्यापारी संघटना आहे, पण ती बंद पुकारला की शटर खाली ओढायला आणि दिवाळीनंतरच्या स्नेहमेळाव्यापुरतीच जागी होते. आता नवी मंडळी पुढे आली आहेत. पहिल्याच बैठकीत पार्किंग, कचरा, गटारे, सीसीटीव्ही, स्वागत कमान, फेरीवाले, स्वच्छतागृह अशी लांबलचक यादी निघाली आणि पुढे काय करायचे ते कुणालाच सुचेना. सुरुवात कुठून करावी, पैसा कुठून आणावा आणि दुकान स्वतः चालवूनही बायकांना संघटनेत जागा का नाही, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. माझे हार्डवेअरचे दुकान आहे, चिपळूणपासून तासाभरावरच्या गावात. पेठेच्या संघटनेचा आधी खजिनदार आणि मग सचिव म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो.

यादीतले एकच काम उचला. ते येत्या गणपतीपर्यंत किंवा दिवाळीपर्यंत उभे राहील असे हवे आणि उभे राहिल्यावर रोज सांभाळावे लागेल असे हवे. ही दुसरी अट मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. स्वागत कमान बांधून झाली, फीत कापली, पेपरात फोटो आला की संघटनेला करण्यासारखे काही उरत नाही आणि पुढच्या बैठकीला कोरमसुद्धा होत नाही. रोज सांभाळायचे काम असले की माणसे आपोआप भेटत राहतात, हिशेब करावा लागतो, नगरपरिषदेत जाणे-येणे राहते. संघटना बांधली जाते ती यातूनच.

म्हणून तुमच्या यादीत शेवटी असलेले स्वच्छतागृह मी सगळ्यात वर घेईन. बाजारात दिवसभर कोण कोण असते ते बघा. पहाटेच्या एसटीने भाजी घेऊन आलेल्या बायका दुपारपर्यंत एका जागी बसून असतात. मासळी विकणाऱ्या बसतात. कापडदुकानातल्या कामाच्या मुली सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळपर्यंत पाणी प्यायचे टाळतात, त्याचे दुखणे पुढे त्यांनाच भोगावे लागते. खेड्यातून खरेदीला आलेली बाई पोराला घेऊन दोन तासांत परतीची गाडी पकडते, कारण त्याहून जास्त थांबायची सोयच नाही. साडी, सोने, भांडी या निवांत बघायच्या वस्तू आहेत. गिऱ्हाईक घाईत असेल तर ते बघत नाही, आणि बघितले नाही तर घेत नाही. पैशाच्या बाजूने बोलल्याशिवाय तुमच्या बैठकीतली जुनी मंडळी हलत नसतील, तर हा मुद्दा त्यांच्यापुढे ठेवा. मला स्वतःला तो दुय्यम वाटतो. आपल्या पेठेत कष्ट करणाऱ्या बाईला दिवसभर अवघडून बसावे लागू नये, एवढे कारण पुरेसे आहे.

हे मागताना उपकार मागतोय असे वाटून घेऊ नका. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाने सार्वजनिक शौचालये, दिवाबत्ती, गटारे, साफसफाई ही कामे नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्ये ठरवली आहेत. बहुतेक गावांत इमारत उभीही असते. ती एक तर कुलपात असते, नाहीतर आत पाय ठेववत नाही अशी असते. बांधकामाला निधी मिळतो, कडी-कोयंड्याला आणि झाडणाऱ्या हाताला मिळत नाही, आणि नेमकी तिथेच संघटना उपयोगी पडते.

आत काय लागते ते माझ्या धंद्यामुळे मला नीट ठाऊक आहे. ठेकेदार दाराला आतून ॲल्युमिनियमची हलकी कडी लावतो, ती चार स्क्रूंवर असते. आमच्याकडे पावसाळ्यात दार फुगते, बाई जोराने ओढते आणि कडी स्क्रूसकट हातात येते. कडी गेली की बायकांनी तिथे जाणे थांबवलेच म्हणून समजा, बाकीचे सगळे स्वच्छ असले तरी. स्टेनलेस स्टीलची कडी घ्या आणि ती आरपार नटबोल्टने बसवा. दार पीव्हीसीचे किंवा फायबरचे घ्या. आत खांद्याच्या उंचीवर एक भक्कम खुंटी हवी. बाजारहाटाची पिशवी ओल्या फरशीवर ठेवता येत नाही आणि बाहेरही ठेवता येत नाही, पण अंदाजपत्रकात ही खुंटी कुणी धरत नाही. सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा डबा हवा, आणि तो रोज कोण उचलणार हे आधी ठरलेले हवे. नळाला पाणी सकाळी तासभर येते आणि बाजार संध्याकाळपर्यंत चालतो, तेव्हा टाकी हवीच. बल्ब जाळीत बसवा. सेप्टिक टँक पावसाळ्याआधी उपसून घ्या, उपसा गाडीसाठी नगरपरिषदेकडे अर्ज वेळेत द्या.

सगळ्यात अवघड प्रश्न असतो साफसफाई करणाऱ्या व्यक्तीचा. तिला संघटनेने पगार द्यावा, ठरल्या तारखेला द्यावा, हातमोजे, गमबूट, फिनेल, ब्रश सगळे पुरवावे आणि सुटीच्या दिवशी बदली कोण ते ठरवून ठेवावे. पेठेतल्या लोकांनी तिला नावाने हाक मारावी. तिने काम सोडले तर तुमचे स्वच्छतागृह आठवड्यात बंद पडेल, अध्यक्षांनी सोडले तर पडणार नाही. आणि भाजीवालीकडून दर खेपेला पैसे घेऊ नका. ती बाजार फी भरतेच.

इमारत, पाणी, वीज, टाकीचा उपसा नगरपरिषदेकडे. झाडलोट आणि बारीकसारीक दुरुस्ती संघटनेकडे, अशी वाटणी करा आणि तिचा रीतसर ठराव, करारनामा करून घ्या. तोंडी आश्वासनावर एक वीटही हलवू नका. मुख्याधिकारी बदलून जातात, नगराध्यक्ष बदलतात. आपल्याकडच्या कितीतरी नगरपरिषदांवर मधली काही वर्षे प्रशासक होते आणि आधीच्या बोलण्यांचा माग कुणाकडेच राहिला नाही. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती फाइलला लावा. उत्तर आले नाही तर त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या, तरीही काही नाही तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीचा अधिकार वापरा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. हे करताना आवाज चढवायची गरज नसते. आरोग्य निरीक्षक आणि मुकादम यांच्याशी संबंध चांगले ठेवा, रोजची कामे त्यांच्याच हातून होतात. आणि अर्थसंकल्पाची तयारी सुरू होण्याआधी, म्हणजे डिसेंबरातच, तुमची मागणी लेखी गेलेली असू द्या.

आता पैसा. १९७० साली कॅनडातल्या टोरांटोत ब्लूअर वेस्ट व्हिलेज नावाच्या पेठेतल्या दुकानदारांनी एक वाट काढली. मॉल आले होते, भुयारी रेल्वे आल्यामुळे रस्त्यावरची वर्दळ जमिनीखाली गेली होती, धंदा बसत चालला होता. त्यांनी ठरवले की त्या हद्दीतल्या प्रत्येक व्यावसायिकाने ठरावीक जादा पैसा भरायचा, तो पालिकेने करासोबत गोळा करायचा आणि पेठेच्या मंडळाकडे द्यायचा. त्यातून दिवे, बाके, झाडे, सजावट झाली. अशा प्रकारची ती जगातली पहिली संस्था मानली जाते, पुढे ही पद्धत अनेक देशांत गेली. तिचे बळ एवढ्यातच आहे की चार जण देतात आणि चाळीस जण फुकट उपभोगतात असे तिथे होत नाही. आपल्याकडे वर्गणी ऐच्छिक असते, त्यामुळे ती विश्वासावरच चालवावी लागते. तेव्हा रक्कम कमी ठेवा पण दरमहा घ्या, टपरीवाल्याला झेपेल एवढी. वर्षाला एकदम मोठा आकडा मागितला की लोक तोंड चुकवतात. छापील क्रमांकाचे पावती पुस्तक वापरा, बँकेत दोन सह्यांचे खाते ठेवा आणि महिन्याचा जमाखर्च पेठेतल्या फळ्यावर खडूने लिहा. व्हॉट्सॲपवर टाकाच, पण फळा सोडू नका, कारण वर्गणी न देणाराही तो येता-जाता वाचतो आणि दोन-तीन महिन्यांनी स्वतःहून देतो.

नोंदणीचे थोडक्यात: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात, महाराष्ट्रात त्यासोबत धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणूनही नोंद होते. कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज नव्वद दिवसांत द्या. तो राहून गेल्याने कितीतरी संस्था कागदावर अजून जुन्याच पदाधिकाऱ्यांच्या नावे आहेत. चांगला लेखापरीक्षक धरा, तो बाकीचे बघेल.

फेरीवाल्यांबद्दल तुमच्या बैठकीत जे बोलले गेले ते तुम्ही लिहिले आहे, आणि त्यावर मला स्पष्ट बोलायचे आहे. 'आधी यांना उठवा, मग सुधारणा' या वाटेने जाऊ नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समिती नेमायची असते, तिचे अध्यक्ष नगरपरिषदेत मुख्याधिकारी असतात, निदान चाळीस टक्के सदस्य पथविक्रेत्यांमधून निवडून येतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश जागा स्त्रियांच्या असतात. त्याच समितीत व्यापारी संघटनेलाही प्रतिनिधित्व असते. म्हणजे पट्टे कुठे मारायचे, हातगाडी कुठे लागेल, आठवडी बाजाराच्या दिवशी रस्ता किती मोकळा राहील हे एका टेबलाशी बसून ठरवायची सोय कायद्यानेच करून दिली आहे. तुमच्याकडे समिती झाली आहे का, झाली असेल तर शेवटची सभा कधी झाली, एवढे आधी लेखी विचारा. आणि संघटनेच्या बैठकीला भाजीवाल्या, फळवाल्यांना बोलवा. भाजीसाठी पेठेत आलेले गिऱ्हाईकच पुढे माझ्याकडे येऊन खिळे घेते.

कचऱ्याचे काम दुसऱ्या वर्षी घ्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी बाजार संघटनांनाही वर्गीकरणाच्या कामात वाटेकरी धरले होते. मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड आहे, हे दुकानदारांना एकदा नीट समजावून सांगितले की अर्धे काम होते. जमले तर मंडळींना वेंगुर्ल्याला घेऊन जा. तिथल्या नगरपरिषदेने कचरा डेपोच लोकांनी बघायला यावे अशी जागा करून दाखवली आहे. भाषणांपेक्षा त्या एका फेरीने जास्त फरक पडतो.

पार्किंग आणि गटारांसारखे मोठे प्रश्न पेठेच्या एकटीच्या बळावर सुटत नाहीत, त्यासाठी चिपळूणचे उदाहरण सांगतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथली अख्खी बाजारपेठ बुडाली. २००५ चा पूर लोकांनी पाहिलेलाच होता, पण या वेळी दुकानेच्या दुकाने चिखलाने भरली, १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरले. नुकसानभरपाईपुरते बोलून व्यापारी थांबू शकले असते. पण ते आणि बाकीचे नागरिक चिपळूण बचाव समिती म्हणून एकत्र आले आणि वाशिष्ठी व शिव नद्यांतला गाळ काढा, ही मागणी त्यांनी लावून धरली. डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषण सुरू झाले. त्यानंतर जलसंपदा विभागाची यंत्रे नदीत उतरली, नाम फाउंडेशनही मदतीला आले. निळ्या आणि लाल पूररेषेत, म्हणजे पुराच्या धोक्यामुळे बांधकामावर बंधने येतात त्या हद्दीत, शहराचा मोठा भाग गेल्याने बांधकामांचे काय, कोळकेवाडी धरणाकडून वाशिष्ठीत येणाऱ्या अवजलाचे, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्याचे काय, हे प्रश्नही लोकांनी अभ्यास करून मांडले. मला त्यातली चिकाटी फार मोलाची वाटते. पूर ओसरल्यावर दुकान धुऊन पुन्हा उभे करायचे आणि त्याच दिवसांत नदीसाठी उपोषणालाही बसायचे, हे सोपे नसते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. बायकांना जागा का नाही याचे कारण बहुतेक ठिकाणी संघटनेच्या घटनेतच सापडते. सदस्यत्व 'परवानाधारक' किंवा 'मालक' असे लिहिलेले असते आणि कागद सासऱ्यांच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर असतात. गल्ल्यावर सकाळपासून बाई बसते, माल तीच मागवते, उधारीची वही तीच लिहिते, आणि सभेला मात्र तो येतो. घटना दुरुस्त करताना 'प्रत्यक्ष व्यवसाय चालवणारी व्यक्ती' असा शब्द घाला, एका दुकानातून दोन सदस्य घ्यायची मुभा ठेवा आणि भाडेकरू दुकानदारांनाही पूर्ण मत द्या. सभा रात्री साडेनऊला ठेवू नका. दुपारी दुकाने बंद असतात तेव्हा ठेवा. आणि स्वच्छतागृहाच्या कामासाठी वेगळी उपसमिती करून तिचे खाते, वही, किल्ली सगळे बायकांच्या हातात द्या, त्यात एक भाजीवाली आणि एक मासळीवाली असलीच पाहिजे. तुम्ही स्वतः तिच्या खजिनदार व्हा. घटनादुरुस्तीचा मसुदा तयार झाला की इथे टाका, मी बघून देतो.