परिचारिकांचा रिस्ट्रेन्टबद्दलचा दृष्टिकोन मोजायला कोणती प्रश्नावली घ्यावी?

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी मनोरुग्णालयातल्या स्टाफचा रुग्णाला बांधून किंवा धरून ठेवण्याविषयीचा (म्हणजे रिस्ट्रेन्टविषयीचा) दृष्टिकोन मोजायचा आहे, तर टूल तयार घ्यावं की स्वतः बनवावं, असं तुम्ही विचारलंय. मी मानसिक आरोग्य परिचर्या शिकवते. माझं स्पष्ट मत : तयार घ्या. घरी बनवलेल्या प्रश्नावलीत ज्ञान आणि दृष्टिकोन यांची हमखास सरमिसळ होते. 'रिस्ट्रेन्टला मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी लागते का?' याचं उत्तर बरोबर असतं किंवा चूक. त्यातून सिस्टरला मनातून काय वाटतं ते कळत नाही.

दोन टूल विचारात घ्या. लंडनचे मनोरुग्ण परिचर्येचे संशोधक लेन बॉवर्स यांच्या चमूने 'अ‍ॅटिट्यूड्स टू कन्टेनमेंट मेझर्स' ही प्रश्नावली केली. कन्टेनमेंट म्हणजे रुग्णाला आवरण्याच्या पद्धती. तिच्यात 11 पद्धती आहेत : इंजेक्शन, सतत देखरेख, एकांत खोली, हाताने धरून ठेवणं, पट्ट्यांनी बांधणं वगैरे. प्रत्येक पद्धत परिणामकारक आहे का, रुग्णाचा मान राखते का, सुरक्षित आहे का, असे प्रश्न त्यात येतात. पण त्यात जाळीने बंद केलेला पलंगही (नेट बेड) आहे, जो आपल्याकडच्या स्टाफने पाहिलेलाच नसतो. न पाहिलेल्या गोष्टीवरचं मत काय कामाचं? दुसरं नॉर्वेचं : तोन्ये हुसुम आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये मांडलेलं 'स्टाफ अ‍ॅटिट्यूड टू कोअर्शन स्केल' (कोअर्शन म्हणजे सक्ती). फक्त 15 वाक्यं, ड्युटी संपताना भरून होतं. म्हैसूरच्या संशोधकांनी हे मानसोपचारतज्ज्ञांना आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाही दिलं होतं, म्हणजे ते भारतात वापरलं गेलेलं आहे. तुमच्यासाठी मी हेच सुचवेन.

आता मुख्य मुद्दा. या 15 वाक्यांची एकच बेरीज करून 'इतके टक्के परिचारिकांचा दृष्टिकोन सकारात्मक' असा तक्ता कृपा करून देऊ नका. या स्केलचे तीन भाग आहेत : सक्ती रुग्णाला दुखावते, सक्ती काळजी आणि सुरक्षिततेसाठी असते, सक्ती हा उपचार असतो. एकच सिस्टर पहिल्या दोन्ही भागांना मनापासून 'हो' म्हणू शकते. रात्री मोठा वॉर्ड जवळजवळ एकटीने सांभाळणाऱ्या बाईला हे दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं, आणि तेच तुमच्या अभ्यासातलं सर्वांत मोलाचं आहे. बेरीज केली की नेमकं तेच पुसलं जातं. तिन्ही भागांचे गुण वेगळे मांडा.

अपुऱ्या साधनांमुळे सक्ती वाढते, अशा आशयाचं एक वाक्य त्यात आहे. त्याची उत्तरं स्वतंत्रपणे बघा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 चं कलम 97 सांगतं की रिस्ट्रेन्ट शिक्षा म्हणून वापरता येणार नाही आणि निव्वळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. त्यामुळे इथे 'सहमत' वर खूण करताना सिस्टरचा हात अडखळेल. कायदा आपल्याला पाठ आहे, हे दाखवण्याकडे तिचा कल असेल. म्हणून फॉर्म इन्चार्ज सिस्टरच्या हाती देऊ नका. नाव, बिल्ला क्रमांक काही नको. बंद पेटी ठेवा आणि ती तुम्हीच उघडा.

दृष्टिकोनाशेजारी प्रत्यक्ष काय घडलं तेही ठेवा, नाहीतर अभ्यास अर्धाच राहील. त्याच कलमानुसार रिस्ट्रेन्टची पद्धत, कारण आणि कालावधी लगेच केसपेपरवर लिहावा लागतो आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला दरमहा अहवाल जातो. नैतिक समितीच्या मंजुरीने वॉर्डनिहाय आकडे मागा, रुग्णांची नावं वगळून. वॉर्डातले संघर्ष आणि कन्टेनमेंट कमी करण्याच्या बॉवर्स यांच्या 'सेफवॉर्ड्स' प्रयोगात (2015, इंग्लंडमधली 15 रुग्णालयं, 31 वॉर्ड) प्रत्येक पाळी संपताना घटना नोंदवत होते. म्हणूनच कन्टेनमेंटचा वापर सुमारे 26 टक्क्यांनी घटला, असं त्यांना ठामपणे म्हणता आलं. नुसत्या मतांवरून ते सांगता आलं नसतं.

भाषांतर दोघींकडून स्वतंत्र करून घ्या, उलट भाषांतर (मराठीतून परत मूळ भाषेत) तिसरीकडून. मूळ लेखकांची लेखी परवानगी आधी काढा.

आणि फक्त परिचारिकांवर थांबू नका. रुग्णाला प्रत्यक्ष धरतात ते बहुतेक वेळा वॉर्डातले अटेंडंट, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. त्यांना वाक्यं मराठीतून वाचून दाखवा, खूण त्यांची त्यांना करू द्या, आणि त्यांचे गुण परिचारिकांच्या गुणांत मिसळू नका.