माझा १७ वर्षांचा मुलगा रोज सहा-सात तास मोबाईलवर गेम खेळतो. त्यामुळे त्याला नैराश्य येईल का? किती तासांपर्यंत खेळणे सुरक्षित मानावे?

तासांचा प्रश्न आधी निकालात काढते. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डरची व्याख्या दिलेली आहे आणि तिच्यात तासांचा आकडा कोठेही नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सर्व गोष्टी मागे पडून खेळालाच अग्रक्रम मिळत जाणे आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही खेळ चालूच राहणे, अशा तीन गोष्टी तेथे पाहिल्या जातात आणि त्या साधारणपणे १२ महिने दिसाव्या लागतात. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीन मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ ऑनलाइन खेळण्याची मुभा ठेवली. परंतु तो सरकारी नियम आहे, वैद्यकीय मोजमाप नव्हे. सहा-सात तास फार आहेत हे तुम्हालाही कळते, म्हणूनच तुम्ही विचारले आहे. मात्र ‘गेममुळे नैराश्य येते का’ हा तुमच्या प्रश्नाचा भाग मला स्वस्थ बसू देत नाही, कारण त्यावरून आमच्या घरात अजूनही दोन तट आहेत.

माझा धाकटा भाऊ पुण्यात राज्यसेवेची तयारी करीत होता. वारंवार पुढे ढकलली गेलेली पूर्व परीक्षा अखेर २१ मार्च २०२१ रोजी झाली. उत्तरतालिका आल्यावर त्याने स्वतःच गुण मोजले आणि आपण कट-ऑफच्या आसपासही नाही हे त्याला कळून चुकले. एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे अभ्यासिका आणि मेस बंद झाल्या, तेव्हा तो सामान घेऊन तासगावला परतला. मीही त्या काळात घरूनच काम करीत असल्याने पुढचे सारे माझ्या डोळ्यांदेखत घडले. तो पहाटे साडेतीन-चारला जागा होऊन छताकडे पाहत पडून राही. दाढी वाढली, जेवणावरची वासना गेली, अभ्यासिकेतील मित्रांचे फोन वाजून वाजून बंद होऊ लागले. विचारले की ‘काही नाही, ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळे. या संपूर्ण काळात त्याच्या फोनमध्ये एकही गेम नव्हता. पब्जीवर २ सप्टेंबर २०२० रोजीच बंदी आलेली होती आणि तिचा भारतीय अवतार, म्हणजे बीजीएमआय, २ जुलै २०२१ रोजी आला. तारखा मुद्दाम देत आहे, कारण आमचे थोरले काका आजही प्रत्येक लग्नकार्यात ‘त्या गेमने पोराला बिघडवले’ असे ठामपणे सांगतात. पोरगा एप्रिलपासून खचलेला होता आणि गेम जुलैत आला, हा साधा हिशेब निवृत्त मुख्याध्यापकांना पटत नसेल तर त्याला माझा इलाज नाही.

जुलैनंतर मात्र तो रात्र-रात्र खेळू लागला, हे काकांचे म्हणणे खरे आहे. परंतु तो काय खेळत होता हे त्यांनी कधी पाहिले नाही आणि मी पाहिले. चारजणांच्या स्क्वॉडमध्ये तो फार दिवस राहिला नाही. माइक बंद ठेवून एकट्याने सामना सुरू करायचा, बाकीचे नकाशातील पोचिंकी या गजबजलेल्या गावात उतरून एकमेकांवर तुटून पडत असताना हा नकाशाच्या एका टोकाला, जिकडे कोणी फिरकत नाही अशा जागी उतरायचा, एखाद्या घरात शिरून कोपऱ्यात बसायचा आणि खेळाची हद्द ठरवणारे निळे वर्तुळ आवळत येऊन आपला खेळाडू मरेपर्यंत तसाच बसून राहायचा. मग पुन्हा नवा सामना. बंदूकसुद्धा उचलायची नाही. हरल्याचा राग नाही, जिंकण्याची हाव नाही. ज्याला गेमची चटक लागलेली असते तो असा खेळत नाही. त्याला रँक हवी असते, सीझन संपण्याची धास्ती असते, मित्रांवर तो खेकसतो. माझ्या भावाला ती खोली सोडून दुसरीकडे कोठे तरी असायचे होते, इतकेच.

काकांनी एके दिवशी फोन काढून घेतला आणि लोखंडी कपाटात ठेवून किल्ली जानव्याला अडकवली. भावाने तो परत मागितलाही नाही. तो भिंतीकडे तोंड करून झोपला आणि नंतरचे कित्येक दिवस जवळजवळ तसाच राहिला. काकांना त्यात विजय दिसला (‘बघा, सुटले व्यसन’). मला त्यात जे दिसले त्याने माझी झोप उडाली आणि मी मिरजेच्या एका मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. विहीर आटली म्हणून पोहरा फेकून देण्यासारखा तो उपाय होता, असे मी त्या दिवशी काकांना तोंडावर म्हणाले. ते वाक्य त्यांनी अजून पचवलेले नाही.

डॉक्टरांनी गेमबद्दल विचारले ते बऱ्याच उशिरा. आधी झोप, भूक, पहाटेची जाग, कशात तरी गोडी वाटते का, स्वतःबद्दल काय वाटते आणि जगणे नकोसे वाटते का, हे त्यांनी विचारले. गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, मध्येच बंद करू नका, असे बजावले गेले. फोन परत द्यायला त्यांनीच सांगितले, मात्र रात्री दहानंतर तो दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि सकाळी ठरलेल्या वेळी उठून बाहेर पडायचे, या अटीवर. काही आठवड्यांनी एका संध्याकाळी तो माइकवर कोणावर तरी ‘अरे, कव्हर दे ना!’ असे जोरात ओरडला, तेव्हा आई दचकली आणि मला हायसे वाटले. हरल्याचा राग येणे हीच आमच्याकडे सुधारणेची पहिली खूण ठरली. पुढे खेळणे आपोआप कमी झाले आणि आता तो नोकरी करतो. काकांच्या मते हे सारे कपाटाच्या किल्लीचे श्रेय आहे.

आता माझ्याविरुद्ध जाणारे जे आहे तेही सांगायला हवे. सिंगापूरमध्ये ३,०३४ शाळकरी मुलांवर दोन वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खेळाच्या आहारी गेलेल्या मुलांमध्ये नैराश्य, चिंता आणि लोकांत मिसळण्याची भीती पुढे वाढलेली आढळली, म्हणजे दिशा काका म्हणतात तीच निघाली. शिवाय जास्त वेळ खेळणे हेही आहारी जाण्यास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांपैकी एक दिसले. दुसरीकडे, सुमारे ३९,००० प्रौढ खेळाडूंच्या प्रत्यक्ष नोंदवलेल्या वेळेवर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नुसत्या खेळण्याच्या वेळेचा मनःस्वास्थ्यावर सांगण्याजोगा परिणाम दिसला नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत गेमिंगच्या नऊ निकषांपैकी एक निकषच ‘असहायता, अपराधीपणा, चिंता अशा नकारात्मक भावना दूर सारण्यासाठी खेळणे’ असा आहे. म्हणजे निकषांतच नैराश्य थोडे मिसळलेले असते, त्यामुळे दोहोंचा संबंध दिसतो यात फारसे नवल नाही. माझे मत विचाराल तर दोन्ही दिशा खऱ्या आहेत आणि रात्रीची गेलेली झोप दोहोंना पोसते. माझ्या भावाची गोष्ट तुमच्या मुलाला लागू पडेलच असे नाही. तो कदाचित मजेत आणि मित्रांबरोबर खेळत असेल आणि केवळ अभ्यास टाळत असेल.

तेव्हा त्याच्या शेजारी बसून तो कसा खेळतो ते पाहा आणि खेळत नसताना तो कसा असतो ते त्याहून अधिक पाहा. उदासी, झोप आणि भुकेतील बदल दोन आठवड्यांपलीकडे टिकला असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाचा उल्लेख एकदाही झाला असेल तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. खरोखरच खेळाचे व्यसन निघाले तर बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून त्यासाठी शट क्लिनिक नावाचा स्वतंत्र विभाग आहे.

डॉक्टरांकडे जाताना मात्र ज्यांना कारण आधीपासूनच ठाऊक आहे अशा नातेवाइकाला सोबत नेऊ नये. आमची गाडी काकांची असल्याने ते आले, पहिली पंधरा मिनिटे तेच बोलले, आणि डॉक्टरांनी त्यांना बाहेर चहा घ्यायला पाठवले तेव्हा कोठे खऱ्या तपासणीला सुरुवात झाली.