ट्रेनिंगला गेलेला मुलगा फोनवर बोलत नाही

हॉटेल मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगला परदेशी गेलेल्या मुलांचे पालक माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो. पोरगं फोनवर बोलत नाही, वाळलंय, परत बोलवून घेऊ का? मी लगेच हो-नाही करत नाही. आधी विचारते, तुम्ही फोन किती वाजता करता?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं एक कुटुंब, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलगा अमेरिकेत, कोलोरॅडोच्या डोंगरातल्या एका रिसॉर्टच्या किचनमध्ये, जे-1 व्हिसावर, म्हणजे ट्रेनिंगसाठी मिळणाऱ्या व्हिसावर, वर्षभरासाठी गेलेला. आई आणि थोरली बहीण आल्या होत्या. "मॅडम, रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल लावतोय आम्ही. नुसतं हूं हूं करतोय. आज काय केलंस म्हटलं की कॅमेराच बंद!"

आपले रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात तिकडे सकाळचे साडेनऊ. त्याची ड्यूटी दुपारी दोन ते रात्री अकरा, झोपायला दीड-दोन वाजणार. म्हणजे आई रोज त्याला झोपेतून उठवत होती. आणि अकराला सुटून त्याला कुणाशी तरी बोलावंसं वाटायचं, तेव्हा इथे सकाळचे साडेदहा, घरात कामाची घाई. साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. राहायला स्टाफ क्वार्टर, रूममेटची शिफ्ट वेगळी. जाण्याआधी या मुलांना काटा-चमचा, हसून बोलणं, डिओडरंट यावर भरपूर व्याख्यानं मिळतात. जगाची सुट्टी तो आपल्या कामाचा दिवस, आणि आपण मोकळे तेव्हा सगळे झोपलेले, हे कुणी सांगत नाही. हॉटेल लाइनमधला एकटेपणा अर्धाअधिक या वेळापत्रकातून येतो असं माझं मत आहे.

पण या मुलाचं तेवढंच नव्हतं. त्याच्या सोयीने, त्याची ड्यूटी संपल्यावर बोललो. बराच वेळ हवामानावर गेला. मग म्हणाला, "मॅडम, मला ग्रिलवर टाकलंय. दिवसभर बीफ कापतोय मी."

वडील माळकरी, दरवर्षी आषाढीची वारी करणारे. मुलगा स्वतः तालमीतल्या पोरांबरोबर तांबडा-पांढरा रस्सा ओरपणारा, त्यामुळे अमेरिकेतल्या किचनमध्ये बीफ असणार हे त्याला ठाऊक होतंच. ठाऊक असणं वेगळं आणि रोज आठ तास तेच हातात असणं वेगळं. वास अंघोळ केली तरी जात नाही म्हणाला. आई फोन करायची तो स्वयंपाकघरातून, मागे भिंतीवर विठोबाचं कॅलेंडर. अशा वेळी "आज काय केलंस?" याला तो काय उत्तर देणार? कॅमेरा बंद. स्टाफ कॅंटीनमध्येही जाणं सोडलं होतं, कशात काय असेल या भीतीने. खोलीत नूडल्स. म्हणजे घरच्यांशी बोलणं गेलं आणि चार जणांत बसून जेवणंही गेलं.

ते काम करणं बरोबर की चूक, हे मी त्याला सांगितलं नाही; तो माझा प्रांत नाही. कुणाला काय सांगता येईल एवढंच आम्ही वेगळं केलं. पहिलं शेफला. कुकला चव बघावी लागते आणि मुलाची खरी घालमेल तिथेच होती. "मी बीफ शिजवेन, पण चाखणार नाही, सीझनिंग दुसऱ्याला बघू दे," एवढं इंग्रजीत बोलायची आम्ही तालीम केली. पहिल्या खेपेला त्याने त्यात तीन वेळा सॉरी घातलं. तिन्ही काढून टाकले. शेफ "ओके" म्हणाला आणि कामाला लागला. मुलगा आठवडाभर धसका घेऊन बसला होता तो याचाच.

दुसरं, डीएस-7002 नावाचा ट्रेनिंगचा आराखडा. तो ईमेलमध्ये पडून होता, सही केल्यावर त्याने उघडलाच नव्हता. जे-1 वर हॉटेल क्षेत्रातलं सहा महिने किंवा त्याहून जास्तीचं ट्रेनिंग असेल तर किमान तीन विभागांतून फिरवणं बंधनकारक असतं. याच्या आराखड्यात पुढे बॅंक्वेट, म्हणजे मेजवान्या-समारंभांचा विभाग होता. ते कधी, एवढं विचारायचा त्याला हक्क होता. ते विचारलं की हॉटेल व्हिसा रद्द करून परत पाठवेल, असं त्याला वाटायचं. पण या व्हिसात ट्रेनिंगवर देखरेख ठेवणारी स्पॉन्सर संस्था असते, मुलांच्या अडचणी ऐकणं तिचं कामच आहे. नुसतं करमत नसेल तर दम धरता येतो. पण पगार अडवला, पासपोर्ट काढून घेतला, ठरल्यापेक्षा भलतंच काम लावलं तर "जुळवून घे" म्हणू नका. तो संस्कृतीचा प्रश्न नाही, तक्रारीचा आहे. आधी स्पॉन्सर, मग आपला दूतावास.

सोबतीचं त्याने स्वतःच जमवलं. किचनमधले मेक्सिकन कुक दुपारी ड्यूटीआधी फुटबॉल खेळायचे. शाहू स्टेडियमवरच्या पेठांच्या लढती बघत वाढलेला पोरगा तो, किती दिवस काठावर उभा राहणार? उंचीवरच्या विरळ हवेत पहिल्या दहा मिनिटांतच धाप लागली, सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. मग त्यांच्याबरोबर कॅंटीनमध्ये बसू लागला. डाळीसारखे शिजवलेले बीन्स आणि भात असतो हे तेव्हा कळलं.

आईला सांगितलं, फोन आठवड्यातून दोनदा, त्याने सांगितलेल्या वेळी. ती तयार होईना. "रोज तोंड बघितल्याशिवाय चैन पडत नाही हो." म्हटलं, वहिनी, तो फोन तुमच्या चैनीसाठी आहे की त्याच्या? जरा रागावल्या, पण ऐकलं.

मात्र मूल दिवसच्या दिवस झोपत नसेल, कामावर जाणं बंद केलं असेल, "मी नसलो तर बरं" अशी भाषा आली, तर आठवड्यातून दोनदा वगैरे काही बघू नका. अमेरिकेत 988 या मानसिक संकटातल्यांसाठीच्या हेल्पलाइनवर कधीही बोलता येतं. इथे घरच्यांचाच धीर सुटला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे. डॉक्टर लागतील तर लागतील. आणि अशा वेळी परत बोलवायचं ठरलं तर खुशाल बोलवा, भरलेल्या फीचा हिशेब त्याच्यासमोर मांडू नका.

दोन महिन्यांनी त्याला बॅंक्वेटला घेतलं. गर्दीच्या दिवशी अजून ग्रिलवर बोलावतात. बहिणीला त्याने सगळं सांगितलंय, आईला बहुधा कळलंय. वडिलांना सांगायचं की नाही ते त्यांचं अजून चाललंय, मी त्यात पडलेले नाही.