प्रत्येक आकड्याची विहीर

चिरंजीव मुलीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे दोन आलेख मिळाले. भूजलाच्या पहिल्या मॉडेलमध्ये तू जलधराची (पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाची) स्पेसिफिक यील्ड, म्हणजे खडक निथळू दिला असता त्यातून सुटणाऱ्या पाण्याचा वाटा, २ टक्के धरलीस आणि पावसाळ्यातील पुनर्भरण, म्हणजे मुरून साठ्यात पोहोचलेले पाणी, १०० मिलिमीटर आले; दुसऱ्यात ४ टक्के धरलीस तेव्हा ते २०० मिलिमीटर झाले. दोन्हींत विहिरींची पातळी सारखीच ५ मीटर चढली, आणि आता खरे कोणते मानावे हे तुला कळेनासे झाले आहे. "ज्याची चूक कमी, ते घे" असा सल्ला तुला कोणी तरी दिला, हे वाचून मी अस्वस्थ झालो. चूक सारखीच येणार. पातळीतील चढ म्हणजे पुनर्भरण भागिले स्पेसिफिक यील्ड. दोन्ही दुप्पट केल्यावर भागाकार बदलणार कसा? कॅलिब्रेशन, म्हणजे आकडे बदलून मॉडेल नोंदींशी जुळवणे, कितीही वेळा केलेस तरी केवळ पावसाळ्यातील पातळीच्या नोंदी या दोघांतून निवड करू शकणार नाहीत.

म्हणून तुला एकच गोष्ट सांगायची आहे. मॉडेलमध्ये घातलेल्या प्रत्येक आकड्याची विहीर तुला सांगता आली पाहिजे: कोणत्या शिवारातील, किती खोल, कोणत्या थरापर्यंत खणलेली, आणि मोजमाप कोणत्या महिन्यातील. विहीर सांगता येत नसेल तर तो आकडा हा अंदाज आहे, आणि प्रबंधात तो अंदाज म्हणूनच लिहिला गेला पाहिजे.

फ्रेंच अभियंता डार्सी याने १८५६ साली दिजाँ येथील प्रयोगांवरून भूजलाच्या वहनाचा जो नियम मांडला, तो वाळू भरलेल्या नळीतून पाणी सोडून मिळवलेला होता, आणि तू वापरतेस ती मॉडफ्लो ही संगणकप्रणाली आजही त्याच नियमावर उभी आहे. नियमात खोट नाही. परंतु आपल्या पायाखाली वाळू नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत. थराचा माथा बहुधा सच्छिद्र, त्याखाली घट्ट कातळ, आणि दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबड्या गेरूचा पट्टा. पाणी राहते ते मुरुमात, कातळाच्या सांध्यांत आणि थरांच्या जोडावर. वरची काळी जमीन तर याहून अवघड. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मृगाचे पहिले पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते, आणि मग माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी वर तुंबवून धरते. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून जाणाऱ्या पाण्यासाठी १९३१ साली मांडलेल्या रिचर्ड्सच्या समीकरणाला या भेगा ठाऊक नाहीत. तू मात्र २५० मीटरच्या प्रत्येक चौकोनाला एकच आकडा दिलास. तो कोठून आणलास? पाठ्यपुस्तकातील तक्त्यातून, असे तू लिहितेस. त्या तक्त्याची विहीर कोणती?

हा प्रश्न मी इतक्या कठोरपणे विचारतो, कारण एकेकाळी मला तो कोणी विचारला नाही. पंचवीसएक वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका लहान पाणलोटाचे मॉडेल मी केले होते. जलधराचा एकच थर धरला, तक्त्यातील आकडे घातले, आणि पातळ्या सुरेख जुळल्या. त्या गावातील विहिरी खणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितले होते की, मुरुमाखाली गेरू लागला की पाणी खाली न जाता आडवे ओढ्याला निघून जाते. मी ऐकून घेतले, वहीत लिहिलेही, परंतु मॉडेलमध्ये घातले नाही, कारण त्यासाठी आणखी एक थर लागला असता आणि अहवालाची तारीख जवळ आली होती. माझ्या हिशेबाप्रमाणे साठा मे महिन्यापर्यंत पुरणार होता. त्या अहवालावर विसंबून काही शेतकऱ्यांनी मोसंबी लावली. तिसऱ्या वर्षी मार्चमध्येच विहिरी तळाला गेल्या, आणि त्या बागा तोडल्या गेल्या. त्या वहीचे पान अजून माझ्याकडे आहे.

तेव्हापासून मी फार थोडी मॉडेल केली. माझ्या बरोबरीचे लोक पुढे गेले, माझ्या नावावर शोधनिबंध कमी आहेत, आणि मी शेतांतून फिरण्यात वर्षे दवडली असे म्हणणारेही आहेत. मला तसे वाटत नाही. प्रत्येक थर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला आकडा न देण्याचा हट्ट मी धरला, आणि तो आजही योग्यच वाटतो. तुझी छात्रवृत्ती संपत आली आहे हे मला ठाऊक आहे. तरीही मी तुला यातून सवलत देणार नाही.

आता तुझ्या अडचणीकडे वळतो, कारण तिच्यातून मार्ग आहे. पावसाळ्यात दोन अज्ञात राशी असतात. कोरड्या महिन्यांत पावसाचे पुनर्भरण नसते, म्हणून एकच उरते. फेब्रुवारी ते मे या काळात पंपांनी किती पाणी उपसले ते काढ, सिंचनातून परत मुरलेले आणि ओढ्याला गेलेले पाणी त्यात हिशेबाला धर, आणि पातळी उतरलेल्या खडकाच्या आकारमानाने भाग. हैदराबादजवळच्या महेश्वरम येथे भारतीय आणि फ्रेंच संशोधकांनी याच रीतीने ग्रॅनाइटी खडकाची स्पेसिफिक यील्ड सुमारे १.४ टक्के काढली, आणि ते काम २००६ साली प्रसिद्ध झाले. तो आकडा मात्र उचलू नकोस. तो त्यांच्या विहिरींचा आहे.

वर्षातून चार वेळा घेतलेल्या सरकारी नोंदी यासाठी पुरणार नाहीत. निदान बारा विहिरी निवड, दर आठवड्याला स्वतः मोज, पंपाचे तास शेतकऱ्याच्या घरी बसून विचार, कारण वीज रात्री किती वाजता येते हे त्यालाच ठाऊक असते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी तुझ्याकडे येईन. तोपर्यंत पाणी तळाला गेलेले असेल आणि खडक उघडा पडलेला असेल. दोर, पायताण घट्ट बसेल असे, आणि मोजपट्टी तयार ठेव. गेरूचा पट्टा किती खोलीवर आहे, ते आपण प्रत्येक विहिरीत उतरून मोजू.

तुझा,
सर