नोव्हेंबरात जन्मलेला मिडफिल्डर

डिचोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा 12 वर्षांचा, मिडफिल्डला खेळतो, जन्म नोव्हेंबरातला. 13 वर्षांखालील संघाच्या ट्रायलमधून दोनदा परत आला. दोन्ही वेळा शेरा एकच: "खेळतो चांगला, पण लहानखुरा आहे." वडील विचारतात, दहा हजार तास सराव लागतो म्हणे, मग तास वाढवू? की फुटबॉल सोडवून क्लास लावू? कोणीतरी जन्मदाखल्यातलं वर्ष बदलायचंही सुचवलंय.

नमस्कार. शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण ती सगळ्यात घातक. वयाच्या पडताळणीसाठी डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय मोजतात. कागद आणि हाडं जुळली नाहीत तर पोराची कारकीर्द सुरू व्हायच्या आधीच संपू शकते. हा विषय इथेच सोडा.

आता नोव्हेंबर. वयोगट जन्मवर्षावर ठरतात, 1 जानेवारीपासून. त्याच गटातला जानेवारीचा मुलगा तुमच्या मुलापेक्षा 10 महिन्यांनी मोठा. कॅनडातल्या आइस हॉकी संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी असते, हे 1980च्या दशकातच दाखवलं गेलं. फुटबॉलमध्येही तेच दिसतं. मोठा दिसतो म्हणून निवडला जातो, निवडला म्हणून बरा प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळतात, आणि दोन वर्षांनी तो खरोखरच सरस ठरतो. पण जन्ममहिना ही एक गोष्ट, वयात येण्याचा वेग ही दुसरी. मुलगे साधारण 13 ते 15च्या दरम्यान झपाट्याने वाढतात. कोणी आधी, कोणी उशिरा. जानेवारीचा मुलगाही मागे राहू शकतो.

म्हणून दर तीन महिन्यांनी उंची मोजा. सकाळीच, अनवाणी, भिंतीला टाच लावून. संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर कमी भरते, त्यामुळे वेळ बदलली तर आकडा फसवतो. आलेल्या वाढीला चारने गुणलं की वर्षाचा वेग कळतो. 5-6 सेंटिमीटर असेल तर उसळी यायची आहे. 8च्या वर गेला तर ती आली. त्या काळात पोरगा धांदरट होतो, पास चुकतात, गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखतं. तेव्हा उड्या आणि धावणं कमी करायचं, खेळ बंद करायचा नाही. दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवा.

दहा हजार तासांबद्दल: तो आकडा मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांच्या 1993च्या अभ्यासातला. बर्लिनच्या उत्तम व्हायोलिनवादकांची वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतची ती सरासरी होती, पात्रतेची रेषा नव्हे. त्यांतले निम्मे तिथवर पोचलेही नव्हते. तास वाढवण्यात धोकाच आहे. मुलाच्या वयाइतकेच तास, म्हणजे आठवड्याला 12, संघटित खेळाला पुरेत. त्यापुढे दुखापती वाढतात.

तासांपेक्षा काय करतो ते पाहा. अंगणातली चिऱ्याची भिंत घ्या. खडबडीत असते, चेंडू वेडावाकडा परततो, म्हणूनच पहिल्या स्पर्शाला उत्तम. पाच-सहा पावलांवरून डाव्या पायाने मारायचं (तो उजवा असेल तर) आणि चेंडू परतेपर्यंत खांद्यावरून मागे बघायचं. मागे तुम्ही उभे राहा, बोटं दाखवा. त्याने आकडा सांगूनच चेंडू घ्यायचा. रोज 15 मिनिटं, पावसातही. सुरुवातीला चेंडू निसटेल, मग मुलं मागे बघणंच सोडतात. तिथे टोका. ताकदीला ताकदीने उत्तर देता येत नाही तेव्हा आधी बघणाऱ्याकडेच वेळ शिल्लक असतो. धष्टपुष्ट मुलांना ही गरज पडत नाही, म्हणून पुढे तीच अडतात.

पण नोव्हेंबरचा आडोसा घेऊ नका. प्रशिक्षकांना नेमकं विचारा: "उंची सोडून काय कमी आहे?" उत्तर पहिल्या स्पर्शाबद्दल किंवा निर्णयाबद्दल असेल तर महिना दोषी नाही.

क्लास लावायचा तर लावा, पण संध्याकाळी मैदानाची वेळ खाणारा नको. दहावीपर्यंत दोन्ही जमतं. वयाच्या सोळाव्या वर्षी पुन्हा हिशेब करा, त्याआधी नको. खेळाडू नाही झाला तरी 18 पूर्ण झाल्यावर प्रशिक्षकाचा डी लायसन्स (सुरुवातीच्या पातळीचा परवाना) आहे, रेफरी होता येतं.

आणि पुढच्या ट्रायलला नवे बूट घालून पाठवू नका. दोन-तीन आठवडे आधी आणा, सरावात मऊ होऊ द्या.